शिकारीसाठी रायफलचा सराव: खऱ्या अंतरावर, खऱ्या बैठकीतून

उत्तरवन (विस्कॉन्सिन)

विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, आणि त्याआधीच्या पंधरवड्यात इथल्या रायफल रेंजवर बसायला जागा मिळत नाही. येणारे बहुतेक जण काँक्रीटच्या टेबलाशी बसतात, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवतात, १०० यार्डांवरच्या कागदावर तीन-चार गोळ्या झाडतात, त्या एकमेकींजवळ पडल्या की रायफल पेटीत भरतात आणि वर्षाचा सराव झाला असे मानतात. अशा सरावात परीक्षा होते ती रायफलची आणि तिच्यावर बसवलेल्या दुर्बिणीची. शिकाऱ्याची परीक्षा राहूनच जाते. अमेरिकेत शिकार करणारी मराठी माणसे आता बऱ्यापैकी भेटतात आणि त्यांतील अनेक जण हा छंद मोठेपणी, कोणाही वडीलधाऱ्याच्या मार्गदर्शनाशिवाय शिकलेली असतात, म्हणून हा विषय सविस्तर मांडावासा वाटला.

टेबलावर रायफल झिरो करणे, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवणे, आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. नळीची दिशा आणि दुर्बिणीची दिशा ठरलेल्या अंतरावर एकत्र येतात की नाही, हे तपासायचे तर माणसाचा थरथराट त्यातून वगळावाच लागतो. नवी दुर्बीण बसवली असेल तर आधी २५ यार्डांवर सुरुवात करावी, कारण तिथे गोळी निदान कागदावर तरी पडते. .३०८ विंचेस्टरसारखे काडतूस २५ यार्डांवर बरोबर मध्यावर लागत असेल तर १०० यार्डांवर ते सुमारे अडीच-तीन इंच वर लागते, म्हणून शेवटची जुळणी १०० यार्डांवर जाऊनच करावी. परंतु हे काम एका सकाळचे आहे. त्यानंतर टेबल सोडायचे, ते पुन्हा फक्त खात्री करण्यापुरते वापरायचे.

आता मूळ मुद्दा. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या खांद्यामागे हृदय आणि फुप्फुसे असलेला भाग सुमारे आठ इंच व्यासाचा धरतात. गोळी त्या वर्तुळात गेली तर जनावर काही क्षणांत पडते किंवा थोडे अंतर धावून पडते. ती त्याच्या मागे, पोटात गेली तर तेच जनावर कित्येक तास जिवंत राहते, आणि पुष्कळदा सापडतही नाही. शिकाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा आहे: मी जंगलात ज्या अवस्थेत असेन त्या अवस्थेतून, पहिल्याच गोळीत, दर वेळी त्या आठ इंचांत नेम लावू शकतो असे सर्वांत दूरचे अंतर कोणते? हे अंतर प्रत्येकाचे वेगळे असते, आणि एकाच माणसाचेही बैठकीनुसार बदलते. पालथे पडून ज्याचे २५० यार्ड असतात, त्याचेच गुडघ्यावर बसून १२० आणि कशाचाही आधार न घेता उभे राहून जेमतेम ५० असू शकतात.

ते काढण्याची रीत अगदी सोपी आहे. जेवणाच्या कागदी थाळ्या घ्याव्यात. मोठी थाळी साधारण नऊ इंचांची असते, म्हणून तिच्यावर आठ इंचांचे वर्तुळ आखावे आणि मध्यभागी कोणतीही ठळक खूण करू नये, कारण हरणाच्या अंगावर काळा ठिपका नसतो. ५० यार्डांवर उभे राहून पाच गोळ्या सावकाश झाडाव्यात. पाचही आत असतील तर पुढे ७५ वर जावे. एक जरी बाहेर गेली तरी त्या बैठकीची आपली मर्यादा मागच्या अंतरावर संपली असे समजावे. हाच प्रयोग गुडघ्यावर, मांडी घालून, झाडाला टेकून, दोन काठ्यांच्या टेकूवर आणि पालथे पडून करावा, आणि आलेले आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती रायफलच्या दस्त्याला चिकटवावी. हंगामात समोर मोठ्या शिंगांचा नर उभा असताना माणूस स्वतःशी घासाघीस करू लागतो. त्या वेळी लिहिलेला आकडा उपयोगी पडतो.

विस्कॉन्सिन, मिशिगन, मिनेसोटा आणि पेनसिल्व्हेनिया इथल्या दाट झाडीत बहुतेक संधी १०० यार्डांच्या आतच मिळतात. तरीही रेंजवर लोक ३०० यार्डांच्या गप्पा मारतात आणि ६० यार्डांवर उभे राहून नेम धरण्याचा सराव कोणी करत नाही. मला हे उलटे वाटते. जिथे संधी येणार आहे तिथला सराव आधी पक्का झाला पाहिजे.

लांबच्या अंतराबद्दल आदर वाटावा म्हणून थोडे आकडे देतो. १५० ग्रेन वजनाची गोळी असलेली .३०८ रायफल १०० यार्डांवर झिरो केली तर २०० यार्डांवर गोळी सुमारे चार इंच खाली जाते आणि ३०० वर सुमारे चौदा इंच. म्हणजे २०० यार्डांपर्यंत नेम जवळपास आहे तिथेच धरला तरी चालते, पण त्यापुढच्या १०० यार्डांत गोळी हरणाच्या छातीखालून निघून जाऊ शकते. ताशी १० मैलांचा आडवा वारा १०० यार्डांवर गोळीला इंचभर सरकवतो, तर ३०० वर आठ-नऊ इंच. याशिवाय वेळेचाही हिशेब आहे. ३०० यार्ड कापायला या गोळीला एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात ताशी तीन मैलांच्या सावकाश चालीने चालणारे हरीण दीड फूट पुढे गेलेले असते. गोळी सुटली तेव्हा छातीवर असलेला नेम ती पोहोचेपर्यंत पोटावर आलेला असतो. रायफल कितीही अचूक असली तरी यावर तिच्याकडे उपाय नाही.

सरावाचा आणखी एक भाग दुर्लक्षित राहतो, तो पहिल्या गोळीचा. शिकारीत नळी थंड असते, हात गारठलेले असतात आणि चूक सुधारायला दुसरी संधी बहुधा मिळत नाही. म्हणून रेंजवर गेल्यावर पहिली गोळी शिकारीच्या बैठकीतून, थाळीवर झाडावी आणि फक्त तिचीच नोंद वेगळ्या वहीत ठेवावी. दिवसभरातल्या विसाव्या गोळीपेक्षा ही पहिली गोळी तुमच्याबद्दल अधिक खरे सांगते. शिवाय निदान काही वेळा तरी हंगामातील सगळे कपडे अंगावर चढवून सराव करावा. जाड नारिंगी जाकिटामुळे दस्ता खांद्यावर वेगळ्या जागी बसतो, डोळा दुर्बिणीपासून मागे जातो आणि हातमोज्यातून चापाचा अंदाज येत नाही. ऑगस्टमध्ये टी-शर्टवर जमलेला नेम नोव्हेंबरमध्ये जमेलच असे नाही.

सुरक्षेबद्दल एकदाच, पण ठासून लिहितो. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजावे, नळी नेहमी सुरक्षित दिशेला असावी, नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर असावे, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे हे माहीत असल्याशिवाय गोळी झाडू नये. .२२ सारखे लहान काडतूसही एक मैलाहून दूर जाते, आणि शिकारीच्या .३०-०६ काडतुसाची गोळी सुमारे तीन मैल जाऊ शकते. टेकडीच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या हरणावर कधीही गोळी झाडू नये. रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या वर असतो, म्हणून रेंजवर कानांचे संरक्षण हवेच.

आपापल्या भागातील अनुभव आणि सरावाच्या पद्धती खाली प्रतिसादांत लिहाव्यात, ही विनंती.

खडकमाळ (मोंटाना)

लेख आवडला, परंतु एका ठिकाणी माझे मत वेगळे आहे. तुमचे जंगल दाट आहे. आमच्या पूर्व मोंटानाच्या माळावर प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या ३०० यार्ड जवळ जायचे तर कित्येकदा पोटावर सरपटत जावे लागते, आणि तरीही ते उठून पळते. इथे २०० ते ३०० यार्ड हेच वास्तव अंतर आहे. त्यामुळे लांबचा सराव म्हणजे बढाई, असा जो सूर तुमच्या लेखात क्वचित लागतो, तो आमच्या प्रदेशाला लागू पडत नाही. मी रायफल २०० यार्डांवर झिरो करतो. त्यामुळे १०० यार्डांवर गोळी दोन इंच वर आणि ३०० वर सुमारे नऊ इंच खाली लागते, आणि मधल्या बहुतेक अंतरांवर नेम बदलावा लागत नाही.

दोन गोष्टींची भर घालतो. पहिली म्हणजे अंतराचा अंदाज. मोकळ्या माळावर, विशेषतः दरीपलीकडचे जनावर, डोळ्यांना फसवते. हवा स्वच्छ असेल तर ते जवळ वाटते आणि सावलीत असेल तर दूर. लेझर अंतरमापक वापरावाच, पण त्याआधी डोळ्यांनी अंदाज करून मग यंत्राने तपासण्याची सवय रोज फिरायला जाताना लावावी. झाड, खांब, उभी गाडी, काहीही चालते. दुसरी गोष्ट उताराची. चढावर किंवा उतारावर गोळी झाडताना गुरुत्वाकर्षणाचा परिणाम आडव्या अंतरापुरताच धरायचा असतो. ३० अंशांच्या उतारावर यंत्र २०० यार्ड दाखवत असेल तर नेम सुमारे १७३ यार्डांचा धरावा, नाहीतर गोळी वरून जाते.

उत्तरवन

खडकमाळ, तुमची हरकत योग्य आहे आणि मी ती मान्य करतो. लांबचे अंतर चूक आहे असे मला म्हणायचे नव्हते. जो माणूस माळावर पालथा पडून, दोन पायांच्या टेकूवरून, वारा पाहत ३०० यार्डांचा सराव वर्षभर करतो, त्याच्यासाठी ते अंतर प्रामाणिक आहे. माझा आक्षेप टेबलावर मिळवलेले अंतर जंगलात वापरण्याला आहे. वाऱ्याचा अंदाज तुम्ही कसा घेता, हे कृपया सविस्तर लिहावे. आमच्याकडे झाडांमुळे त्याचा फारसा विचार होत नाही.

खडकमाळ (मोंटाना)

वाऱ्यासाठी मी आपल्याजवळचे गवत, मधल्या टप्प्यातले गवत आणि जनावराजवळचे गवत असे तिन्हीकडे पाहतो. आपल्याजवळचा वारा सर्वांत महत्त्वाचा, कारण तिथे गोळीला मिळालेली तिरपी दिशा पुढचे सगळे अंतर तिच्याबरोबर राहते. उन्हात दुर्बिणीतून दिसणारी हवेची लहर कोणत्या बाजूला वाहते, हेही पाहावे. ती सरळ वर उठत असेल तर वारा जवळपास नाही. आणि वारा सारखा दिशा बदलत असेल तर मी माझी मर्यादा निम्म्यावर आणतो. हिशेब करून नेम बाजूला धरणे कागदावर शोभते. जिवंत जनावरावर तो जुगार होतो. त्यापेक्षा आणखी १०० यार्ड सरपटावे.

करवीर (कोल्हापूर)

मी शिकारी नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीवर बंदी आहे आणि ती असावी याच मताचा मी आहे. पण ५० मीटर रायफल प्रकारात स्पर्धा खेळलेला माणूस म्हणून बैठकींबद्दल लिहिण्यासारखे माझ्याकडे आहे. आमच्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन अवस्थांत नेमबाजी करावी लागते. तुमच्या धाग्यात ज्या तीन अवस्था आल्या आहेत, नेमक्या त्याच. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे असते, त्यामुळे शरीराची लहानशी चूकही लपत नाही.

आमच्या प्रशिक्षकांनी सर्वांत आधी शिकवले ते शरीराची नैसर्गिक दिशा शोधायला. बैठक घ्यावी, नेम धरावा, डोळे मिटून दोन श्वास घ्यावेत, अंग सैल सोडावे आणि डोळे उघडावेत. नेम लक्ष्यावरून बाजूला गेलेला दिसला तर तो हातांनी ओढून परत आणू नये. पाय, गुडघा किंवा कंबर सरकवून सगळे शरीरच फिरवावे. हातांच्या स्नायूंनी धरून ठेवलेला नेम चाप दाबण्याच्या क्षणी सुटतो. हाडांवर टेकलेला नेम टिकतो. म्हणून गुडघ्यावर बसताना कोपराचे टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नये, ती गोल असल्यामुळे हाड हाडावर घसरते. कोपर वाटीच्या किंचित पुढे किंवा मागे, मांसल भागावर टेकवावे. उभ्याने नेम धरताना डावा कोपर बरगड्यांना टेकवणे स्पर्धेत चालते, पण जड रायफल आणि थंडीचे जाकीट असताना तुम्हाला ते कितपत जमेल, हे मी सांगू शकत नाही.

चाप दाबण्याबद्दल: श्वास सोडल्यानंतर जी नैसर्गिक स्तब्धता येते, त्या काही सेकंदांत चापावरचा दाब हळूहळू वाढवत न्यावा. त्या अवधीत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्यावी आणि पुन्हा सुरुवात करावी. आणि गोळी सुटल्यानंतरही क्षणभर नेमाकडेच पाहत राहावे. नवशिके गोळी कुठे लागली हे पाहायला डोके वर उचलतात, आणि कित्येकदा ती उचलण्याची हालचाल गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच सुरू झालेली असते.

उत्तरवन

करवीर, हा प्रतिसाद मी छापून रायफलच्या पेटीत ठेवणार आहे. जाकीट घालून बरगड्यांचा आधार अर्धवटच मिळतो. त्याऐवजी रायफलचा पट्टा दंडाला वेढा देऊन ताणून घेतला तर बरीच स्थिरता येते, आणि झाडाला पाठ किंवा खांदा टेकवता आला तर उभ्या माणसाचीही मर्यादा चांगली वाढते. नळी मात्र झाडाला थेट टेकवू नये. कठीण वस्तूला नळी टेकली की गोळी दुसरीकडे जाते. मधे हात किंवा टोपी असावी आणि टेकू दस्त्याच्या पुढच्या लाकडाला मिळावा.

नवागत (मिनेसोटा)

मी एच-वन-बी व्हिसावर आहे आणि पुढच्या वर्षी एका सहकाऱ्याबरोबर हरणाच्या शिकारीला जाण्याची इच्छा आहे. माझ्यासारख्याने रेंजवर सराव केला तर कायद्याची अडचण येते का? आणि शिकाऊ माणसाने सुरुवात कोणत्या रायफलने करावी?

उत्तरवन

पहिला प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि तो न विचारता अनेक जण रेंजवर जातात. संघराज्याच्या कायद्यानुसार तात्पुरत्या, म्हणजे स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यांतील आपल्या लोकांना लागू पडणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की त्याचा आधारही संपतो. सहकाऱ्याची रायफल रेंजवर हातात घेणे हेही बाळगण्यातच मोडू शकते, त्यामुळे परवाना आधी आणि सराव नंतर, हाच क्रम ठेवा. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही विशिष्ट मनाई लागू नाही. राज्यांचे नियम याहून वेगळे असू शकतात आणि व्हिसाचा प्रश्न गंभीर असतो, म्हणून या विषयाच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. माझ्या प्रतिसादावर विसंबू नका. मिनेसोटात १९७९ नंतर जन्मलेल्यांना शिकार परवान्यासाठी बंदूक सुरक्षेचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते. तो अभ्यासक्रम औपचारिकता म्हणून उरकू नका. तो चांगला असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: .२२ रिमफायर, म्हणजे लहान .२२ काडतुसाची रायफल. काडतूस स्वस्त, धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी. मोठ्या रायफलने सुरुवात करणाऱ्याला धक्क्याची भीती बसते आणि चाप दाबताना तो नकळत डोळे मिटतो व खांदा पुढे ढकलतो. ही खोड एकदा लागली की सुटायला फार काळ जातो. ५० यार्डांवर .२२ ने सगळ्या बैठकी पक्क्या झाल्यावर .२४३ किंवा ६.५ क्रीडमूरसारख्या मध्यम धक्क्याच्या रायफलकडे जावे. धक्क्याची भीती आहे की नाही, हे पाहण्यासाठी सहकाऱ्याला रायफल भरायला सांगावे आणि त्याने अधूनमधून खऱ्याऐवजी सरावाचे बनावट काडतूस घालावे. चाप दाबल्यावर बार होत नाही आणि नळीचे टोक मात्र खाली झुकते, हे दिसले की निदान झाले.

पानगळ (पेनसिल्व्हेनिया)

आमच्याकडे नवऱ्याची शिकारीची रायफल आहे आणि स्वसंरक्षणासाठीही तीच उपयोगी पडेल असे त्यांचे म्हणणे आहे. मला मात्र घरातल्या अंतराचा आणि जंगलातल्या अंतराचा सराव एकच कसा असेल, हे समजत नाही. आमची मुले लहान आहेत, म्हणून हा प्रश्न मनात घोळत असतो.

उत्तरवन

पानगळ, तुमची शंका अगदी बरोबर आहे. तुमच्या घरातील सर्वांत लांब सरळ अंतर मोजून पाहा. बहुतेक घरांत ते दहा-बारा यार्डांच्या पुढे जात नाही. शिकारीच्या दुर्बिणीतून एवढ्या जवळचे फक्त धूसर दिसते. शिवाय दुर्बीण नळीच्या वर बसवलेली असते, त्यामुळे १०० यार्डांवर झिरो केलेली रायफल दहा यार्डांवर त्या उंचीच्या जवळपास तेवढीच खाली लागते. एआर प्रकारच्या (लष्करी धाटणीच्या, अर्धस्वयंचलित) रायफलमध्ये हा फरक दोन-अडीच इंचांचा असतो. पण याहून मोठी गोष्ट अशी की शिकारीच्या काडतुसाची गोळी अमेरिकेतल्या घरांच्या प्लास्टरबोर्डच्या एकापेक्षा अधिक भिंती सहज भेदून जाते, आणि पलीकडे मुलांची खोली किंवा शेजाऱ्याचे घर असते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की शिकारीची बोल्ट रायफल (जिची कडी प्रत्येक गोळीनंतर हाताने ओढावी लागते) घराच्या संरक्षणासाठी गृहीत धरू नये.

ज्यांना स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवायचेच असेल त्यांनी त्यासाठी वेगळे प्रशिक्षण प्रत्यक्ष शिक्षकाकडून घ्यावे, आपल्या राज्याचा कायदा समजून घ्यावा, आणि आधी दार, कुलूप, दिवे, फोन यांची व्यवस्था पाहावी. मुले असलेल्या घरात रायफल रिकामी, कुलूपबंद तिजोरीत आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असली पाहिजेत. या बाबतीत कोणतीही तडजोड असू नये. नवऱ्याशी बोलताना हा मुद्दा सर्वांत आधी मांडा.

खडकमाळ (मोंटाना)

अस्वलांच्या प्रदेशातही स्वसंरक्षणाचा विषय असाच निघतो. ग्रिझली झाडीतून धावून येते तेव्हा अंतर फार थोडे असते आणि वेळ त्याहून थोडा. पाठीवर अडकवलेली, दुर्बीण नवाच्या पटीवर ठेवलेली रायफल त्या क्षणी कामाला येत नाही. म्हणून मी शिकारीतही छातीच्या पट्ट्यावर अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा बाळगतो आणि मुदत संपलेल्या डब्याने तो काढण्याचा व झाडण्याचा सराव करतो. आणि दाट झाडीत चालताना दुर्बीण नेहमी सर्वांत कमी पटीवर ठेवावी. हरीणही कधीकधी वीस यार्डांवरून उठते आणि मोठ्या पटीत नुसते केस दिसतात.

सागरवेळ (सिंधुदुर्ग)

आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असणारी घरे अजून आहेत. आमच्या घरीही आजोबांच्या काळापासून आहे. रानडुक्कर आणि माकडे यांनी नारळ, काजू, भात यांची जी नासाडी होते, ती शेतकऱ्यालाच ठाऊक. पण परवाना शेतीसंरक्षणाचा आहे म्हणून दिसेल ते जनावर मारता येत नाही. त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते, आणि ती कोणत्या जनावरासाठी मिळते याचेही नियम आहेत. माणसाच्या जिवावर बेतले असता स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्हेतूने जनावर मारणे किंवा जखमी करणे, याला वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये गुन्ह्यातून वगळलेले आहे, पण तो मुद्दा नंतर सिद्ध करावा लागतो. आमचा बहुतेक उपयोग आवाजाचा बार काढून कळप हुसकावण्यापुरताच असतो.

मला विचारायचे होते ते असे की जखमी जनावराचा प्रश्न तुम्ही कसा हाताळता? जखमी डुक्कर किती धोकादायक असते, हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही.

उत्तरवन

सागरवेळ, हा प्रश्न मूळ लेखातच यायला हवा होता इतका तो सरावाशी जोडलेला आहे. गोळी झाडल्यावर लगेच दुसरे काडतूस नळीत घ्यायचे, दस्ता खांद्यावरून न काढता. हा सरावाचाच भाग असला पाहिजे आणि तो टेबलावर कधीच होत नाही. जनावर पळाले तर ते शेवटचे कुठे दिसले ती जागा एखाद्या झाडावरून लक्षात ठेवावी, आणि गोळी लागल्याच्या ठिकाणी काय पडले आहे ते पाहावे. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, गर्द लाल म्हणजे बहुधा यकृत, आणि हिरवट घाण व दुर्गंधी म्हणजे पोट. फुप्फुसाची खूण असेल तर अर्धा तास थांबून माग काढावा. पोटाची असेल तर सहा-आठ तास थांबावे लागते, कारण लगेच पाठलाग केला तर जनावर उठून मैलोगणती जाते आणि हाती लागत नाही. ते सगळे तास त्या जनावराच्या वेदनेचे असतात. थाळीच्या बाहेर पडलेल्या एका गोळीचा अर्थ मी जो इतक्या कडकपणे लावतो, त्याचे कारण हेच आहे.

नवागत (मिनेसोटा)

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. प्रशिक्षणासाठी नाव नोंदवले आहे. एक व्यावहारिक अडचण अशी की आमच्या जवळची रेंज बंदिस्त आहे, फक्त २५ यार्डांची, आणि तिथे पालथे पडू देत नाहीत. मग खऱ्या अंतराचा सराव करायचा कसा?

करवीर (कोल्हापूर)

अंतर लहान असेल तर लक्ष्य लहान करावे, हा स्पर्धेच्या जगातला जुना मार्ग आहे. १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि भारतातले बहुतेक रायफल नेमबाज त्याच अंतरावर घडतात. शिवाय रिकाम्या रायफलने घरी केलेला कोरडा सराव कोणी कमी लेखू नये; आमच्याकडे जिवंत गोळीपेक्षा तोच अधिक होतो. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, नळी दोनदा तपासावी, पक्क्या भिंतीकडे तोंड करून लहानसा ठिपका लावावा आणि चाप सुटताना तो ठिपका हलतो का एवढेच पाहावे.

उत्तरवन

करवीर यांच्या उत्तराला फक्त हिशेब जोडतो. १०० यार्डांवरचे आठ इंचांचे वर्तुळ २५ यार्डांवर दोन इंचांचे करावे, आणि २०० यार्डांसाठी एक इंचाचे. अमेरिकेत ॲपलसीड नावाच्या नेमबाजी शिबिरांत अगदी याच तत्त्वावर २५ मीटरांवरून ४०० यार्डांपर्यंतच्या लहान केलेल्या लक्ष्यांवर उभे राहून, बसून आणि पालथे पडून सराव करून घेतात. मिनेसोटातही अशी शिबिरे होतात का ते पाहावे. बंदिस्त रेंजवर .२२ ने उभे राहून आणि गुडघ्यावर बसून दोन इंचांच्या वर्तुळात पाच गोळ्या जाऊ लागल्या की तुमच्या बैठकी तयार झाल्या. लहान लक्ष्य वारा आणि गोळीची घसरण मात्र शिकवत नाही. म्हणून हंगामाआधी एखाद्या रविवारी सहकाऱ्याबरोबर राज्याच्या खुल्या रेंजवर जा, ज्या रायफलने आणि ज्या काडतुसाने शिकार करणार आहात तेच बरोबर न्या, कारण काडतुसाचा प्रकार बदलला तरी झिरो बदलतो, आणि ५०, १०० व १५० यार्डांवरच्या तुमच्या पहिल्या गोळ्या कुठे पडल्या ते इथे लिहा. त्यावरून तुमची पहिल्या हंगामाची मर्यादा ठरवता येईल.